व्हिडिओ घटक (वेब मानक)

वेबपानावर चलचित्र दाखवण्यासाठी एचटीएमएल या वेबपाने रचण्याच्या भाषेत केलेली अंगभूत सोय. तिच्यामुळे ब्राउझर स्वतःच व्हिडिओ चालवतो. फ्लॅश, सिल्व्हरलाइट, क्विकटाइम, रिअलप्लेअर अशा वेगळ्या प्लगइनची (ब्राउझरला जोडाव्या लागणाऱ्या पूरक प्रणालीची) गरज राहत नाही.

उगम : या घटकाचा आरंभ कोठून धरावा, याबाबत एकवाक्यता नाही. इंटरनेट एक्सप्लोररने १९९०च्या दशकाच्या मध्यास चित्राच्या टॅगला एक जादा गुणधर्म देऊन पानातच एव्हीआय स्वरूपाची व्हिडिओ फाइल दाखवली होती. एचटीएमएल ४.० (१९९७) मध्ये सर्वसाधारण ‘ऑब्जेक्ट’ घटक आला आणि जून १९९८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेब मानके ठरवणाऱ्या संस्थेने स्माइल ही बहुमाध्यमांची भाषा प्रमाणित केली. पण पहिली युक्ती एकाच ब्राउझरपुरती राहिली, ऑब्जेक्टला प्रत्यक्ष चालवायला बहुधा प्लगइनच लागे आणि स्माइल ही मुळात स्वतंत्र भाषा होती. त्यामुळे २००७च्या आरंभी ऑपेरा कंपनीने मांडलेला प्रस्ताव हाच खरा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यात व्हिडिओला चित्राच्या बरोबरीचे स्थान होते आणि स्क्रिप्टद्वारे तो थेट नियंत्रित करता येत होता.

कोडेकचा वाद : कोडेक म्हणजे व्हिडिओ आकुंचित करण्याची व पुन्हा उलगडण्याची पद्धत. एचटीएमएल५ या नव्या आवृत्तीच्या मसुद्यात प्रथम ऑग थिओरा या मुक्त स्वरूपाची शिफारस होती. नोकिया व ॲपल यांच्या आक्षेपांनंतर डिसेंबर २००७ मध्ये ती काढली गेली. २००९ मध्ये मसुद्याचे संपादक इयान हिक्सन यांनी कोणतेही कोडेक बंधनकारक न ठेवण्याचे ठरवले. फायरफॉक्स व ऑपेरा यांनी पेटंटबद्ध एच.२६४ हे कोडेक नाकारून थिओरा घेतले, सफारी व इंटरनेट एक्सप्लोरर ९ यांनी एच.२६४ स्वीकारले, क्रोमने दोन्ही चालवली. संकेतस्थळांना एकच व्हिडिओ दोन-दोन स्वरूपांत ठेवावा लागे, आणि या काळात फ्लॅश टिकून राहण्याचे हे एक ठळक कारण होते. गूगलने मे २०१० मध्ये व्हीपी८ कोडेकवर आधारलेले वेबएम खुले केले. जानेवारी २०११ मध्ये क्रोममधून एच.२६४ काढण्याची घोषणाही केली, पण ती अमलात आली नाही. २०१२ पासून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानेही माघार घेऊन एच.२६४ला वाट दिली. मानक खुले असले तरी त्यातून वाहणारे स्वरूप खुले असतेच असे नाही, हे या प्रकरणातून स्पष्ट होते. पेटंटशुल्कमुक्त एव्ही१ हे कोडेक २०१८ मध्ये आले.

प्लगइनची पीछेहाट : ॲपलने आयफोनवर फ्लॅश येऊ दिले नाही. यूट्यूबने जानेवारी २०१५ मध्ये एचटीएमएल५ प्लेअर मूळ पर्याय केला. त्याच वर्षी क्रोमने नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळापासूनची, प्लगइन जोडणारी एनपीएपीआय यंत्रणा काढली. सुरक्षेतील त्रुटींचा त्यात मोठा वाटा होता. ॲडोबीने फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला, मायक्रोसॉफ्टने सिल्व्हरलाइटचा ऑक्टोबर २०२१ मध्ये.

संरक्षित व्हिडिओ : जोडणीच्या वेगानुसार दर्जा बदलणे आणि नक्कल रोखणे ही दोन कामे प्लगइन करीत. पहिले काम मीडिया सोर्स एक्स्टेन्शन्स या मानकाने (२०१६) पूर्णपणे मानकाच्या कक्षेत आणले. दुसऱ्यासाठी सप्टेंबर २०१७ मध्ये एन्क्रिप्टेड मीडिया एक्स्टेन्शन्स हे कुलूपबंद (सांकेतिक रूपातील) व्हिडिओसाठीचे मानक डब्ल्यूथ्रीसीने मंजूर केले. त्याच्या निषेधार्थ इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेने डब्ल्यूथ्रीसीचे सदस्यत्व सोडले. हा आक्षेप रास्त होता. मानकाने ब्राउझर व कुलूप उघडणारा भाग यांच्या जोडणीची पद्धत तेवढी ठरवली. कुलूप उघडणारे वाइडवाइन, प्लेरेडी, फेअरप्ले हे भाग बंदिस्तच राहिले. त्यांपैकी एखाद्याचा परवाना नसलेला ब्राउझर, बाकी मानके कितीही काटेकोरपणे पाळत असला तरी, असा व्हिडिओ दाखवू शकत नाही.