जावरची वांगी

पुण्याच्या तांबट आळीत घडणाऱ्या भांड्यांपैकी तांब्याची ओळख सगळ्यांना असते. पितळेत तांब्याच्या जोडीला जस्त असतं, त्याची मात्र कुणी फारशी चौकशी करत नाही. हे जस्त काढण्यासाठी एक अख्खं खोरं शतकानुशतकं कसं राबलं, ते बघायचं तर अरवलीत, उदयपूरच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर जावरला जावं लागतं.

तिथल्या कित्येक जुन्या भिंतींत विटांऐवजी मातीची, भाजून काळवंडलेली, फूटभर लांबीची नळकांडी रचलेली दिसतात. एक टोक फुगीर, दुसरं निमुळतं. रसशास्त्राच्या, म्हणजे जुन्या धातू-रसायनविद्येच्या, संस्कृत ग्रंथांत अशा नळकांड्याला 'वृंताक मूषा' म्हणतात, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस, खनिज भरून भट्टीत तापवायचं भांडं. देठासकट भरताचं वांगं डोळ्यांपुढे आणा आणि ते उलटं धरा.

उलटं अशासाठी, की जस्त 907 अंश सेल्सियसला उकळतं, पण खनिजातून सुटायला हजाराच्या वर तापमान लागतं. त्यामुळे ते सुटतं तेच वाफ होऊन, आणि हवा लागली की जळून पांढरी भुकटी होतं. तांबं निदान वितळून तळाशी बसतं, हे तर उडूनच जातं! जावरच्या कारागिरांनी मुशीचं देठ भोकं पाडलेल्या जाड तव्यातून खालच्या गार खणात सोडलं. वाफ खाली उतरे आणि थेंब साचत. मूस उलटी केल्यावर आतला माल सांडू नये म्हणून देठात काडी खोचलेली असे. आचेने ती जळून जाई आणि वाफेला वाट मोकळी होई. 1983 च्या उत्खननात अशा भट्ट्यांची ओळच सापडली. एकेका भट्टीत 36 मुशी. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनला जस्त काढण्याचं पेटंट मिळालं ते 1738 मध्ये, जावरच्या कितीतरी नंतर.

आपले लेख बहुधा इथे छाती फुगवून थांबतात. मला त्या भिंतींकडे बघून लाकडाचा हिशेब सुचतो.

मूस एकदाच वापरायची आणि फेकायची. तिथले ढीग काही लाख टनांचे आहेत, म्हणजे भट्ट्या किती वेळा पेटल्या असतील बघा. शिवाय खाणीतला खडक तडकवायला त्याला आगीने तापवत, छत तोलायला लाकडी टेकू लावत. त्यातल्या काही टेकूंचं वय दोन हजार वर्षांहून जास्त भरलं. खनिज आधी भाजून त्यातला गंधक उडवायचा, त्यालाही सरपण. उतारावरचं झाड गेलं की माती पावसाबरोबर निघते. डोंगर फोडल्यावर ओढ्याचा चहा होतो, हे कात्रजच्या बाजूला राहणाऱ्याला सांगायला नको.

एका बाबतीत मात्र हे खोरं नशीबवान. गंधकयुक्त खनिज उघडं पडलं की हवा-पाण्याने त्यातून आम्ल तयार होतं. स्पेनमधली रिओ तिंतो नदी अशीच लालभडक वाहते. जावरचं खनिज डोलोमाइट या चुनखडीसारख्या खडकात आहे, आणि डोलोमाइट आम्ल मारतो.

शिसं आणि कॅडमियम या विषारी धातूंना असा उतारा नाही. जस्ताच्या खनिजात हे दोघे बहुधा सोबतीला असतातच, आणि धातू कुजत नाही. मातीत पडला की तिथेच राहतो. त्यात कॅडमियम 767 अंशांनाच उकळतो. म्हणजे काडी जळून देठ मोकळं झालं, की जस्ताच्या आधी बाहेर पडायला तोच टपलेला.