संदिग्ध टॅग

एका शब्दाचे अनेक अर्थ असल्यामुळे प्रश्न नेमका कशाबद्दल आहे हे सांगू न शकणारा टॅग, म्हणजे प्रश्नाला लावलेली विषयाची चिठ्ठी. प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तर संकेतस्थळांवर ही अडचण कायमची आहे, कारण सॉफ्टवेअरचे बारसे करणारे रोजच्या वापरातले छोटे शब्द उचलतात. 2008 साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या अशाच संकेतस्थळावर एका प्रश्नाला जास्तीत जास्त पाच टॅग लावता येतात. जाणकार आपापल्या टॅगवर नजर ठेवून असतात. टॅग चुकला की प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

गोमंतकीय वाचकाला हे केरीवरून लगेच उमजेल. गोव्यात केरी नावाची तीन गावे आहेत : पेडण्यात तेरेखोल नदीच्या मुखाशी एक, सत्तरीत अंजुणे धरणाजवळ दुसरे, फोंड्यात तिसरे. नुसते ‘केरी’ म्हटले की समोरचा ‘कुठले?’ विचारणारच. म्हणून तालुका जोडायचा : केरी-सत्तरी, केरी-पेडणे.

टॅगांवरचा उपायही हाच. ‘स्पार्क’ हे नाव प्रचंड विदा (डेटा) हाताळणाऱ्या अपाचे प्रकल्पाचे, तसेच जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका छोट्या वेब फ्रेमवर्कचेही (संकेतस्थळे बांधण्याच्या तयार सांगाड्याचे). म्हणून ‘अपाचे-स्पार्क’ आणि ‘स्पार्क-जावा’ असे दोन टॅग. ‘स्विफ्ट’ मात्र अ‍ॅपलच्या 2014 मधल्या प्रोग्रामिंग भाषेकडे गेला आणि ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरची त्याच नावाची साठवण प्रणाली ‘ओपनस्टॅक-स्विफ्ट’ झाली. बहुतेकांना अभिप्रेत असलेल्या अर्थाला मोकळे नाव देणे सोयीचे खरे, पण दुसऱ्या अर्थाचे प्रश्न त्यात चुकून येत राहतात, आणि ते कुणीतरी सतत वेचून काढावे लागतात.

समानार्थी टॅग जोडणे, म्हणजे एक टॅग लिहिला की आपोआप दुसरा लागावा अशी सोय करणे, हा येथे सर्वांत घातक मार्ग. ‘जेएस’ लिहिले की ‘जावास्क्रिप्ट’ व्हावे हे ठीक, कारण दोन्हींचा अर्थ एकच. संदिग्ध शब्दाला तशी जोड दिली तर निम्मे प्रश्न न विचारता चुकीच्या घरी जातात. टॅगच्या वर्णनात ‘येथे हा अर्थ घेऊ नये’ असे लिहूनही फारसे भागत नाही. घाईतला माणूस नाव टंकतो, वर्णन वाचत नाही. खरे काम हातानेच होते : जुना प्रश्न उघडायचा, त्यातला कोड वाचायचा, नेमका टॅग लावायचा, आणि सगळे प्रश्न हलल्यावरच संदिग्ध टॅग काढून टाकायचा.

याचेच भावंड म्हणजे जवळपास सारखी, पण वेगळ्या गोष्टींची नावे. अँग्युलर या वेब फ्रेमवर्कचेच पाहा : ‘अँग्युलरजेएस’ पहिल्या आवृत्तीसाठी, ‘अँग्युलर’ 2016 पासूनच्या नव्या रचनेसाठी. तिसवाडीत जुने गोवे म्हणजे ‘वेल्हा गोवा’ आणि ‘गोवा वेल्हा’ ही अशीच दोन वेगळी गावे आहेत.