काताफील

पॅरिस शहराखालच्या जुन्या दगडखाणींत परवानगीशिवाय उतरणारे, तिथे रात्र-रात्र हिंडणारे आणि बऱ्याचदा तिथेच चित्रे-शिल्पे घडवणारे लोक. तिथल्या अस्थिगृहाला 'काताकोंब' म्हणतात, त्यावरून हे नाव फ्रेंच भाषेत रूढ झाले. भुयारांचे जाळे सुमारे ३०० किलोमीटरचे आहे. त्यातले तिकीट काढून पाहता येते ते जेमतेम दीड किलोमीटर. उरलेला अंधार काताफीलांचा.

पॅरिसच्या जुन्या इमारतींचा फिकट चुनखडक शहराच्याच पोटातून निघाला. खाणी विस्मरणात गेल्या आणि त्यांच्यावर वस्ती चढत गेली. डिसेंबर १७७४ मध्ये एक रस्ता खचला, तेव्हा सरकार जागे झाले. १७७७ मध्ये खाणींच्या देखरेखीसाठी स्वतंत्र खाते निघाले आणि वास्तुकार शार्ल-आक्सेल गियोमो त्याचे प्रमुख झाले. कामगारांनी पोकळ्यांना भिंती आणि खांबांचा आधार दिला, आणि डोक्यावरच्या रस्त्याचे नाव खालच्या दगडात कोरून ठेवले. त्यामुळे वर केव्हाच बदललेली नावे खाली अजून वाचायला मिळतात. भरून गेलेल्या दफनभूमींतील अस्थी १७८६ पासून इथे आणल्या गेल्या. सुमारे ६० लाख माणसांचे अवशेष इथे असल्याचे मानतात.

इथल्या कलेची परंपरा मात्र कोणा बंडखोर चित्रकारापासून नव्हे, एका खाणकामगारापासून सुरू होते. देक्यूर हा पूर्वी सैनिक होता. मिनोर्का बेटावरील पोर्ट-माओनचा किल्ला त्याने पाहिला होता. १७७७ ते १७८२ या काळात कामातून वेळ काढून त्याने तो किल्ला केवळ आठवणीतून भुयाराच्या भिंतीत कोरला. तिथवर जाण्यासाठी जिना खोदताना दरड कोसळली आणि त्यातच तो गेला. त्याचे शिल्प आज अधिकृत फेरीच्या वाटेवर आहे, पण ते कोरले जात होते तेव्हा पाहायला कोणी येण्याची शक्यता फारशी नव्हती. काताफीलांच्या कामाचे मर्म याच गोष्टीत आहे.

एप्रिल १८९७ मध्ये अस्थिगृहात मध्यरात्री चोरून संगीताची मैफल भरली. शोपँचे शोकसंचलन आणि सँ-साँसचे 'मृत्यूचे नृत्य' कवट्यांच्या सान्निध्यात वाजले. १९५५ पासून खाणींत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे. गस्तीसाठी पोलिसांचे खास पथक असून काताफील त्यांना 'काताफ्लिक' म्हणतात. तरी लोक उतरतात. 'शातिएर', म्हणजे मांजर जाईल एवढ्याशा भोकांतून, पोटावर सरपटत पुढच्या दालनात पोचतात. 'ला प्लाज' (समुद्रकिनारा) नावाच्या दालनात जमिनीवर वाळू आहे आणि भिंतीवर जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेचे मोठे चित्र. कोणी दगडात बाके कोरतो, कोणी हाताने छापलेली पत्रके भिंतीच्या फटीत ठेवतो, पुढच्या वाटसरूने ती शोधावीत म्हणून. अंधार, ओल आणि लागलेली धाप वगळून इथले एखादे चित्र वर शहरातल्या कलादालनात टांगले तर त्यातले निम्मे हरवेल, असे वाटते. दुःख एवढेच, की अलीकडे काही जण जुन्या कोरीव अक्षरांवरच रंग फवारतात, आणि दोनशे वर्षांची खूण एका रात्रीत झाकली जाते.

सर्वांत गाजलेला प्रसंग २००४ चा. त्रोकादेरो भागातील शायो राजवाड्याखालच्या भुयारात पोलिसांना पडदा, प्रक्षेपक आणि दगडात कोरलेली आसने असलेले चित्रपटगृह सापडले. काही दिवसांनी ते परत गेले तेव्हा विजेच्या तारा तोडलेल्या होत्या आणि 'शोधू नका' अशी चिठ्ठी होती. हे काम 'यूएक्स' या गुप्त मंडळाच्या एका शाखेचे होते. याच मंडळाच्या दुसऱ्या शाखेने पुढे पाँतेओं या पॅरिसमधल्या स्मारकातले बंद पडलेले जुने घड्याळ वर्षभर लपून दुरुस्त केले आणि मग स्वतःच तिथल्या व्यवस्थापनाला ते कळवले.

हौस जिवावर बेतू शकते. फिलिबेर आस्पेर हा व्हाल-द-ग्रास रुग्णालयाचा द्वारपाल १७९३ मध्ये एकटाच खाली उतरला आणि वाट चुकला. त्याचा देह १८०४ मध्ये सापडला आणि जिथे सापडला तिथेच पुरला. आजचे काताफील त्याच्या थडग्याशी येऊन थांबतात.