पगच्या दवाखान्याचा खर्च कोल्हापुरात कसा वाढत गेला

कोल्हापूर जिल्ह्यात जनावरांच्या डॉक्टरांची यंत्रणा उभी राहिली ती म्हशीसाठी. १९६० च्या दशकापासून सहकारी दूध व्यवसाय वाढला, तसे कृत्रिम रेतन, कासदाह, गोचीडताप, अडलेलं वेत ही कामं करणारे हात गावोगावी तयार झाले. कुत्र्याच्या वाट्याला रेबीजची लस आणि जंताचं औषध एवढंच यायचं. शहरातल्या घरांत पॉमेरियन, बंगल्यांत अल्सेशियन, मळ्यात कारवान किंवा गावठी. यांतल्या एकालाही नुसता श्वास घेण्यासाठी डॉक्टर लागत नव्हता. कुत्र्याचा खर्च म्हणजे लस आणि एखाद्या वेळचे टाके, हा हिशेब त्यातूनच पक्का झाला. पग म्हणजे चपट्या चेहऱ्याचा छोटा पाळीव कुत्रा; त्याचं बिल आजही त्याच हिशेबाने वाचलं जातं.

पग मूळचा चीनचा, डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात गेलेला. अठराव्या शतकातल्या इंग्रजी चित्रांत त्याला व्यवस्थित दिसेल एवढं नाक आहे, पायही उंच आहेत. चेहरा सपाट होत गेला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, श्वानप्रदर्शनांच्या काळात. कवटी आखूड झाली. आतला मऊ टाळू, जीभ आणि नाकातले पडदे त्या मानाने आखूड झाले नाहीत. पुढच्या बहुतेक खर्चाचं मूळ इथे आहे.

आपल्याकडे २००३ ची ‘हच’ मोबाइलची पगवाली जाहिरात सगळ्यांना आठवते. २००७ मध्ये कंपनीचं नाव बदलून व्होडाफोन झालं, कुत्रा तोच राहिला. मागणी एकदम वाढली आणि नाकपुड्या न बघताच जोड्या लावल्या गेल्या. एप्रिल २०१६ मध्ये केंद्र सरकारने व्यापारी पैदाशीसाठी कुत्री आयात करायला बंदी घातली. बंदी योग्यच होती, पण मग देशात होते त्याच पगांत पैदास फिरत राहिली आणि मोकळ्या नाकाचा नर निवडण्याची सक्ती कोणावरच आली नाही. २०१७ च्या नियमांनी पैदास करणाऱ्याची नोंदणी आणली, ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई केली. चेहऱ्याच्या ठेवणीला मात्र हात लावला नाही. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून नाकाची लांबी डोक्याच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा कमी असलेल्या कुत्र्याची पैदासच करता येत नाही. श्वासमार्ग अडण्याचा विकार पगमध्ये इतर कुत्र्यांपेक्षा सुमारे ५४ पट अधिक आढळतो, असं ब्रिटनमधल्या २०२२ च्या अभ्यासात दिसलं. तोवर इथे पगची दुसरी-तिसरी पिढी घरोघरी घोरत होती.

खरा वाद आहे नाकपुडीच्या शस्त्रक्रियेचा: करायची का, आणि केव्हा. एका बाजूचं म्हणणं, घोरणं हा जातीचाच गुण आहे. वाढ पूर्ण होऊ द्या, वजन उतरवा, त्रास झालाच तर बघू. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान नसबंदीसाठी भूल द्यायचीच आहे, तेव्हाच नाकपुड्याही मोकळ्या करा. दुसरी बाजू जास्त बरोबर आहे. अरुंद नाकपुडीतून हवा ओढताना दर श्वासाला घसा आत ओढला जाईल असा ताण पडतो. त्या ताणाने स्वरयंत्राच्या कडेच्या पिशव्या आधी बाहेर खेचल्या जातात, पुढे स्वरयंत्राची कूर्चाच (लवचीक हाड) मऊ पडून आत कोसळते. एवढी पडझड झाली की नाकपुडी कितीही मोकळी केली तरी गेलेलं परत येत नाही.

निर्णय डोळे मिटून घ्यायचाही नाही. तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं आणि आधी व नंतर स्टेथोस्कोपने घसा ऐकायचा, ही साधी तपासणी आहे. श्रेणी ० (त्रास नाही) ते ३ (तीव्र त्रास). शून्य किंवा एक आली तर वजन सांभाळून थांबता येतं, दोन-तीन आली तर थांबण्यात तोटा आहे. पहिल्या बाजूचा वजनाचा आग्रह मात्र खराच: पगचं वजन ६ ते ८ किलोंत हवं. इथे म्हशीचं सायीसकट दूध आणि बिस्किटं घालून ते सहज बारावर जातं, आणि तो सगळा मेद घशाभोवतीही साठतो.

प्रत्यक्ष काम असं. नाकपुडीच्या कडेची पाचर कापून विरघळणाऱ्या धाग्याचे दोन-तीन टाके घालतात. टाळू लांब असेल तर तो कंठच्छदाच्या (श्वासनलिकेवरच्या झाकणाच्या) टोकापर्यंत आखूड करतात. हे जास्त जोखमीचं, कारण सूज आली तर त्याच रात्री श्वास बंद होऊ शकतो. बिलात मोठा वाटा कापण्याचा नसतो, भुलीचा आणि राखणीचा असतो. म्हशी आणि भटक्या कुत्र्यांच्या कामात रुळलेलं झायलाझिन हे गुंगीचं इंजेक्शन पगला नको. त्याने उलटी होते आणि ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. पगला आधी पाच मिनिटं मास्कने ऑक्सिजन, मग शिरेतून भूल, लगेच श्वासनलिकेत नळी आणि पुढे आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू लागतो. वजनावरून धरलेल्या मापापेक्षा एक-दोन मापं लहान नळ्याही हाताशी हव्यात. इतर कुत्रं गिळायला लागलं की नळी काढतात. पग ती चावायला लागून डोकं वर धरेपर्यंत काढायची नाही. कुठे ‘स्वस्तात करून देतो’ म्हटलं, तर यातलं काय वगळणार ते विचारावं. टाळूचं काम आणि रात्रभर ऑक्सिजन एकाच छताखाली मिळत नसेल, तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा पुणे गाठावं, आणि निघावं ते पहाटे, एसी गाडीतून.

काम टाळलं की खर्च उन्हाळ्यात येतो. वळवाआधीच्या दमट संध्याकाळी धापा टाकूनही अंग थंड होत नाही. ताप १०४ फॅरनहाइटच्या वर गेला की नळाचं साधं पाणी अंगावर ओतून पंखा लावायचा, १०३ ला थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. ऑक्सिजन, सलाईन, रक्ताच्या तपासण्या आणि दोन दिवस भरती, हे वेळेत केलेल्या नाकपुडीपेक्षा महाग पडू शकतं.

बाकीचा खर्च किरकोळ दिसतो, पण चुकत नाही. डोळ्याचे अश्रू पापणीत धरलेल्या कागदी पट्टीने मोजावेत: मिनिटाला १५ मिमी किंवा जास्त हवेत, १० च्या खाली आले तर अश्रू वाढवणारं ०.२ टक्के सायक्लोस्पोरीनचं मलम दिवसातून दोनदा, बहुधा आयुष्यभर. डोळ्यात जखम असताना स्टेरॉइडचे थेंब घातले तर बुबुळ फुटू शकतं, म्हणून आधी हिरवा रंग टाकून तपासणी, मगच थेंब. पावसाळ्यात नाकावरच्या घडीत बुरशी धरते. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने पुसून ती कोरडी करावी. गोचिडांची गोळी उन्हाळ्यातही सोडू नये.

विम्याचा आधार तोकडा आहे. कुत्र्यांच्या पॉलिसीत जन्मजात दोष बहुधा वगळलेले असतात आणि नाकपुडी त्यातच धरली जाते. पिल्लू ठरवताना त्याच्या आईला समोर तीन मिनिटं पळवायला सांगावं. ती घरघरली, किंवा मालकाने पळवायला नकार दिला, तर ते पिल्लू घेऊ नये.