बोका कुंथतोय, दूध पाजू का?

आमच्या मजल्यावरच्या काकूंचा बोका दर आठ-दहा दिवसांनी ट्रेमध्ये बसून नुसता कुंथतो, मग दोन सुके खडे टाकतो. काकूंचं निदान ठरलेलं, उष्णता झालीय, कोमट दूध-तूप द्या (शेजारणीने तर दृष्टही काढली). बोका कुंथत असेल तर आधी लघवी होतेय ना ते बघा, ती अडली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, थांबायचंच नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. मोठ्या आतड्याच्या पेशी सोडियम आत ओढत राहतात आणि त्याच्या मागोमाग पाणी जातं, हे काही थांबत नाही, म्हणजे मल जितका पडून राहील तितका सुकणार, सुकला की दुखणार, दुखलं की मांजर दाबून धरणार, मग अजून सुकणार. असं महिनोन् महिने चाललं की आतडं ताणून सैल पडतं, स्नायूला ढकलायची ताकदच उरत नाही. याला मेगाकोलन म्हणतात. एक्स-रेत आतड्याची रुंदी कमरेच्या पाचव्या मणक्याच्या लांबीशी ताडून बघतात, साधारण दीडपट झाली की डॉक्टरांना शंका येते.

त्यात मांजर मूळचं कोरड्या मुलखातलं, पाणी मिळायचं ते उंदरातून, आणि उंदरात सुमारे 70 टक्के पाणी असतं. ड्राय फूडमध्ये जेमतेम 10.

मल मऊ करायला डॉक्टर लॅक्ट्युलोज देतात ती पण एक साखरच, गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज जोडलेली. ती जोडी तोडणारं एन्झाइम ना मांजराकडे ना आपल्याकडे, म्हणून ती अख्खी मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जीवाणू तिचे बारीक आम्लाचे रेणू करतात, रेणू वाढले की ऑस्मोसिसने पाणी आतच अडकतं. गंमत म्हणजे बऱ्याच वाढ झालेल्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, ती पण असंच करते, म्हणजे काकू अगदीच चुकत नव्हत्या! फक्त दुधाला डोस नसतो, एकदम जुलाब होऊन उलट अंगातलं पाणीच जातं.

सिसाप्राइड नावाचं औषध थेट आतड्याच्या नसांना चाळवतं, पण माणसांच्या हृदयाचे ठोके बिघडतात म्हणून अमेरिकेत 2000 साली बाजारातून गेलं, आपल्याकडे 2011 मध्ये बंदी आली. तिकडचे व्हेट मांजरांसाठी ते अजून बनवून घेतात. इसबगोल पाण्याशिवाय देऊ नका, आतडं गच्च भरलेलं असेल तर मुळीच नको. आणि मेडिकलमधला फॉस्फेटवाला एनिमा मांजराला कधीच नाही, रक्तातलं कॅल्शियम कोसळून जीव जातो.

काकू सध्या वेट फूडमध्ये वर दोन चमचे पाणी घालतात. बोका पहिले दोन दिवस नुसता हुंगून गेला, तिसऱ्या दिवशी वाटी चाटून ठेवली.