पूर्वपक्षाची लस

गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या निबंध स्पर्धेचा परीक्षक म्हणून साठेक निबंधांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येऊन पडला. विषय ठरलेलाच : ‘मोबाइल : शाप की वरदान?’ वाचायला बसलो आणि दहाव्या निबंधापाशी डोळे मिटायला लागले. दीड पान वरदान, दीड पान शाप, मध्ये ‘नाण्याला दोन बाजू असतात’, मग सुरीने भाजी कापता येते तसा गळाही कापता येतो, आणि शेवटी ‘म्हणून मोबाइल शाप की वरदान हे वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’. जवळजवळ सगळे निबंध याच स्टेशनवर येऊन थांबले होते.

यात मुलांचा दोष नाही. दोन्ही बाजू मांडल्या की निबंध ‘समतोल’ होतो, असं आपणच त्यांना शिकवतो. वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीत मात्र नेमका उलटा सल्ला मिळतो : समोरच्याचा मुद्दा आपल्या तोंडाने काढूच नकोस, त्याला आयतं हत्यार मिळतं. मीही शाळेत हेच शिकलो होतो. गंमत अशी, की या दोन्ही सल्ल्यांची प्रयोगात रीतसर तपासणी झालेली आहे आणि दोन्ही नापास झाले आहेत.

गोष्ट सुरू होते १९४५ च्या वसंतात. युरोपातलं युद्ध संपत आलं होतं आणि अमेरिकी लष्कराला काळजी लागली होती, की जर्मनी पडला म्हणजे सगळं संपलं असं समजून सैनिक ढिले पडतील. कार्ल हॉवलंड हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी तेव्हा लष्करासाठी काम करत होते. त्यांनी रेडिओवर लावण्याजोगी दोन भाषणं तयार केली. दोन्हींचं म्हणणं एकच : जर्मनीनंतर जपानशी युद्ध निदान दोन वर्षं चालेल. पहिल्या, साधारण १५ मिनिटांच्या भाषणात फक्त याच बाजूचे मुद्दे होते. दुसरं चारेक मिनिटांनी लांब होतं, कारण त्यात ‘युद्ध लवकर संपेल’ असं मानणाऱ्यांचे मुद्देही घेतले होते. सगळ्या सैनिकांची सरासरी काढली तर दोन्ही भाषणांचा परिणाम सारखाच निघाला. गट पाडून पाहिलं तेव्हा खरी मजा दिसली. जे आधीच सहमत होते त्यांच्यावर एकतर्फी भाषण जास्त चाललं. ज्यांचं मत विरुद्ध होतं, किंवा ज्यांचं शालेय शिक्षण पूर्ण झालेलं होतं, त्यांच्यावर दुतर्फी. म्हणजे एकतर्फी निबंध आपल्याच माणसांना पटतो, आणि त्यांना तो पटवायची गरजच नसते.

(जपानने त्याच वर्षी १५ ऑगस्टला शरणागती जाहीर केली. जर्मनी पडल्यापासून जेमतेम सव्वातीन महिन्यांत! तेव्हा पटवून देणं आणि खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही खूणगाठ इथेच बांधून ठेवावी.)

पुढचा प्रयोग १९४९ च्या जूनमधला, लम्सडेन आणि जॅनिस या दोघांचा. तो छापून आला १९५३ साली. यावेळी विधान होतं, की रशियाला निदान पाच वर्षं तरी मोठ्या संख्येने अणुबॉम्ब बनवता येणार नाहीत. हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना पुन्हा एकतर्फी किंवा दुतर्फी भाषण ऐकवलं. आठवड्याने त्यांतल्या निम्म्यांना उलटा प्रचार ऐकवला आणि मग सगळ्यांची मतं विचारली. मत हव्या दिशेला सरकलेल्यांतून उलट सरकलेले वजा केले. ज्यांनी उलटा प्रचार ऐकलाच नव्हता, त्यांच्यात एकतर्फी गटाचा आकडा ६४ टक्के आणि दुतर्फी गटाचा ६९ टक्के. फरक नाहीच म्हणा. ज्यांनी तो ऐकला, त्यांच्यात दुतर्फी गट ६१ टक्क्यांवर टिकून राहिला. एकतर्फी गट घसरला २ टक्क्यांवर.

दोन टक्के! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या वक्तृत्वाच्या सरांची आठवण झाली. एकतर्फी भाषणाला टाळ्या पडतात, पण श्रोता सभागृहाबाहेर पडून चहाच्या टपरीवर कोणाशी बोलला की सगळं वाहून जातं. (रशियाने पहिली अणुचाचणी केली ती याच प्रयोगानंतर दोनेक महिन्यांनी, २९ ऑगस्ट १९४९ ला. या मंडळींना विषय निवडण्याचा हातगुण नव्हता एवढं खरं.)

असं का होतं? इथे येतात मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅग्वायर, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

मॅग्वायर यांनी लसीची उपमा घेतली. एखादं मूल अगदी जंतुविरहित खोलीत वाढलं तर गुटगुटीत दिसेल, पण बाहेर पडताच पहिल्या जंतूने आडवं होईल. मतांचंही तसंच असेल का? हे तपासायचं तर ज्यावर कधीच कोणी हल्ला केलेला नाही, अशी मतं हवीत. म्हणून त्यांनी तेव्हाच्या अमेरिकेत कोणी शंकासुद्धा घेत नसे अशी वाक्यं निवडली. त्यांतलं एक : दर जेवणानंतर दात घासावेत. दुसरं : मानसिक आजार संसर्गजन्य नसतो. अशा वाक्याला १ ते १५ मधले गुण द्यायचे. १५ म्हणजे पूर्ण सहमत.

मॅग्वायर आणि पापाजॉर्जिस यांचा १९६१ चा निकाल ढोबळ आकड्यांत सांगतो. काहीच न करता लोकांची सहमती साडेबाराच्या आसपास होती. त्या मतावर थेट हल्ला करणारा लेख वाचायला दिला की ती साडेसहापर्यंत कोसळली. जन्मभर बाळगलेलं मत एका लेखात निम्म्यावर! दुसऱ्या गटाला हल्ल्याच्या आधी त्या मताच्या बाजूचे भरपूर मुद्दे दिले, म्हणजे टॉनिक पाजलं. हल्ल्यानंतर त्यांची सहमती सातच्या थोडी वर राहिली. टॉनिक जवळपास वाया गेलं. तिसऱ्या गटाला आधी विरुद्ध बाजूचे एकदोन मुद्दे सांगितले (समजा, ‘सारखं घासून हिरड्या सोलवटतात’) आणि लगेच त्यांचं खंडनही दिलं. हल्ल्यानंतर हा गट दहाच्या वर टिकला. लस ती हीच : विरोधी मुद्दा अशक्त करून टोचायचा आणि शरीराला त्याच्याशी लढून बघू द्यायचं.

आता खरी मेख. वाचकाला तयार उत्तर पाठ झालं म्हणून तो टिकला, असं कोणीही म्हणेल. तसं असतं तर लस फक्त त्याच मुद्द्यांवर चालली असती. म्हणून त्यांनी काही जणांवर वेगळ्याच मुद्द्यांनी हल्ला केला, ज्यांचं खंडन त्यांनी कधी वाचलेलंच नव्हतं. तरीही ते जवळपास तितकेच टिकले. म्हणजे स्मरणाच्या पलीकडचं काहीतरी घडत होतं. मॅग्वायर यांचं स्पष्टीकरण दोन पदरी होतं. ‘अरे, माझ्या मतावर बोट ठेवता येतं तर!’ हा धक्का माणसाला आपलं मत सांभाळायला भाग पाडतो. आणि हल्ला परतवता येतो हे एकदा पाहिलं की पुढच्या हल्ल्याचं वजन कमी वाटतं. यातल्या धक्क्यावर माझं प्रेम जरा जास्तच आहे, पण कबूल करायला हवं, की २०१० साली बानास आणि रेन्स यांनी अशा पुष्कळ प्रयोगांचे आकडे एकत्र केले तेव्हा लस टॉनिकपेक्षा सरस ठरली. पण धक्का जितका मोठा तितकी लस पक्की, असं काही त्यांना आढळलं नाही. यंत्रणेचा हा पेच अजून सुटलेला नाही.

मग आमच्या शाप-वरदानवाल्यांचं काय चुकलं? विरुद्ध बाजू त्यांनीही लिहिली होतीच की. उत्तर मायकेल ॲलन यांच्या १९९१ च्या आणि डॅनियल ओकीफ यांच्या १९९९ च्या एकत्रित आढाव्यांत आहे. विरुद्ध मुद्दा मांडून तो खोडून काढणारा मजकूर सगळ्यांत वरचढ. एकतर्फी मजकूर त्याखाली. आणि विरुद्ध मुद्दा मांडून तसाच सोडून देणारा मजकूर, जाहिराती सोडल्या तर, सगळ्यांत तळाला. लसीऐवजी जिवंत जंतू टोचून दार लावून घ्यावं तसं हे. ‘काहींच्या मते मात्र...’ एवढं लिहून पुढचा परिच्छेद सुरू करण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

जुन्या शास्त्रग्रंथांच्या वाचकाला एव्हाना हसू आलं असेल. मीमांसेत आणि वेदान्ताच्या भाष्यांत मांडणीच अशी असते : विषय, संशय, मग पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आणि त्याचं खंडन करून सिद्धान्त. शांकरभाष्यात पूर्वपक्ष कधीकधी इतका जोरकस असतो, की आचार्यांचं मत हेच की काय अशी शंका यावी. न्यायसूत्रांनी तर वादाचेही प्रकार पाडले. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता नुसतं दुसऱ्याचं मोडणं ती वितंडा. आपला ‘वितंडवाद’ तिथूनच आला. आता कोणीतरी हा परिच्छेद कापून ‘आपल्या ऋषींना लस-सिद्धान्त हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होता’ म्हणून पुढे ढकलेल, म्हणून आत्ताच सांगतो : नव्हता. वाद कसा करावा याचा उत्तम अनुभव त्यांच्याकडे होता. टॉनिकचा एक गट, लसीचा एक गट आणि काहीच न दिलेला एक गट घेऊन मोजणी करणं हे निराळं काम आहे, आणि ते विसाव्या शतकात झालं. उत्कृष्ट वादपद्धतीला खोट्या दागिन्यांची गरज नाही.

असा निबंध प्रत्यक्षात कसा बेतायचा, ते माझ्याच वहीतल्या पानावरून दाखवतो. विषय मामांमुळे सुचला. त्यांनी बोअर घेताना पाणाड्याला, म्हणजे जमिनीखालचं पाणी हुडकून देणाऱ्याला, बोलावलं होतं. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ शेताच्या एका कोपऱ्यात उभा राहिला, तिथे गाडी लावली आणि पाणी लागलं.

आधी प्रतिज्ञा, म्हणजे जे सिद्ध करायचं ते विधान. ‘पाणाडे म्हणजे अंधश्रद्धा’ हे विधान नव्हे, शिवी आहे. मामा पहिल्याच ओळीला कागद बाजूला ठेवतील. मी लिहिलं : ‘पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी लागण्याची शक्यता त्याच शेतातल्या इतर जागांपेक्षा जास्त नसते.’ हे मोजता येतं, आणि मोजता येतं म्हणून यावर वाद करता येतो. पान उभं दुमडून डाव्या बाजूला माझे हेतू, म्हणजे त्या विधानामागची कारणं, लिहिली. उजव्या बाजूला मामा जे जे म्हणतील ते, त्यांच्याच शब्दांत. हा अर्धा भाग रिकामा राहत असेल तर निबंध लिहायला घेऊ नये, विरुद्ध मताच्या माणसाबरोबर चहा घ्यावा.

उजवीकडचा सगळ्यांत दमदार मुद्दा निघाला : ‘लागलं की नाही पाणी?’ बुजगावण्याला मारून शेत राखलं जात नाही, म्हणून हाच घेतला. आपल्याकडचा बहुतेक मुलूख काळ्या पाषाणाचा. पाणी असतं ते मुरमात, फुटीच्या दगडात आणि दोन थरांच्या सांध्यात. एखाद्या शेताखाली ते बऱ्याच जागी थोडंफार सापडतं, तेव्हा नारळ कुठेही उभा राहिला असता तरी पाणी लागायची बरीच शक्यता होती. शिवाय फेल गेलेल्या बोअरचा किस्सा पारावर कोणी सांगत नाही. खरी तपासणी हवी तर जर्मनीत कासेल इथे १९९० साली झालेली घ्या. जमिनीत अर्धा मीटर खोल पाइप पुरला होता. त्यातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच पाणाड्यांनी सांगायचं होतं. तीस जणांचा निकाल छापा-काट्याइतकाच लागला.

निबंधात पूर्वपक्षाची जागा कुठे, याबद्दल एवढंच, की मी तो शेवटी शेपटासारखा जोडत नाही. आपले एकदोन हेतू मांडून झाले की वाचकाच्या मनात ‘पण...’ उगवतो, तो उगवायच्या क्षणी कागदावर दिसला पाहिजे.

हा कच्चा खर्डा मी मामांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला, कासेलच्या पाइपपाशी मानही हलवली. मग म्हणाले, “ते सगळं खरं असंल रे. पण नारळ उभा राहिला तो मी डोळ्यांनी बघितला. तो का राहिला, ते सांग.”

उजव्या बाजूला हा मुद्दा लिहिलाच नव्हता. खरं तर उत्तर तयार होतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३३ साली अँपिअर यांना लिहिलेल्या पत्रात हातातल्या लंबकाचा प्रयोग सांगितला आहे : डोळे बांधले की लंबक हवा तसा हलेनासा होतो, कारण तो हलवत असतो आपलाच हात, आपल्याला कळू न देता. तळहातावर डुगडुगणाऱ्या नारळाला उभं राहायला असाच बारीकसा कल पुरतो. पाणाड्या लबाड असायची गरज नाही. त्यालाही ते कळत नाही.

तो परिच्छेद आता कासेलच्या आधी आणलाय. मामांनी अजून ऐकलेला नाही. बोअरची मोटर जळलीये म्हणून ते दोन दिवस वायरमनच्या मागे फिरतायत.