मुतखडा कशाने होतो: एका शोधाची पार्श्वभूमी

मुतखडा असल्याचं सोनोग्राफीत कळलं की रिपोर्टचा कागद खिशात जायच्या आत सल्ले सुरू होतात. टोमॅटो बंद, दूध बंद, बोअरचं जड पाणी बंद, हुलग्याचं कढण चालू. यातल्या तिन्ही बंदींमागे एकच तर्क आहे: खड्यात जे सापडतं ते ताटातूनच आलं असणार, तेव्हा ते ताटातून काढा. मुतखड्याच्या कारणांचा शोध म्हणजे बराचसा हा तर्क हळूहळू मोडीत निघाल्याची हकीकत आहे.

सुश्रुतसंहितेत अश्मरीला घड्याची उपमा दिली आहे. नव्या घड्यात स्वच्छ पाणी भरलं तरी काही काळाने तळाशी गाळ बसतो, खडाही तसाच. सोळाव्या शतकात स्विस वैद्य पॅरासेल्ससने दुसरं भांडं निवडलं, वाइनचं पिंप. पिंपाच्या आतून टार्टारचा थर धरतो, तसा नीट न पचलेल्या अन्नातला ‘टार्टार’ शरीरात साचतो, असं त्याचं म्हणणं. पचनाचा भाग चुकला, पण पिंपाची उपमा त्याला वाटली त्याहून खोल निघाली.

वाइनरीच्या टाकीत हे आजही दिसतं. वाइनमध्ये पोटॅशियम बायटार्ट्रेट, म्हणजे तेच टार्टार, मावतं त्यापेक्षा जास्त विरघळलेलं असतं. तरी ती बराच काळ स्वच्छ राहू शकते, कारण तिच्यातले प्रथिनांसारखे मोठे रेणू स्फटिकांची वाढ अडवतात. म्हणून बाटलीत भरण्याआधी टाकी उणे 4 अंशांच्या आसपास थंड करतात. कधी त्याच क्षाराची, म्हणजे क्रीम ऑफ टार्टरची, बारीक पूड विरजणासारखी टाकतात. त्या कणांवर स्फटिक चढतात आणि जड होऊन तळाला बसतात. हे काम कच्चं राहिलं, तर गिऱ्हाइकाच्या फ्रिजमध्ये बुचाला काचेच्या कचऱ्यासारखे कण चिकटलेले दिसतात. किती विरघळलंय, बी कुठे मिळतं आणि वाढ कोण अडवतं, एवढ्यावर सगळं ठरतं. लघवीतही तेच.

योगायोग असा की टार्टारमधून टार्टारिक आम्ल वेगळं काढणाऱ्या स्वीडिश रसायनतज्ज्ञ कार्ल शेलेनेच 1776 मध्ये मूत्राशयातल्या खड्यातून युरिक आम्ल शोधलं. 1797 मध्ये लंडनच्या विल्यम वोलॅस्टनने दाखवून दिलं की खडे एका जातीचे नसतात: कॅल्शियम ऑक्सलेटचे वेगळे, फॉस्फेटचे वेगळे. 1810 मध्ये त्याने सिस्टिन या अमिनो आम्लाचा खडाही ओळखला. म्हणजे ‘मुतखडा’ हे अनेक आजारांचं एकच आडनाव. युरिक आम्लाचा खडा लघवी आम्लधर्मी, म्हणजे पीएच 5.5 च्या खाली, राहिली की धरतो आणि लघवी अल्कधर्मी केली की विरघळूही शकतो. स्ट्रुव्हाइटचा (मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेटचा) खडा युरिया फोडणाऱ्या जंतूंमुळे वाढतो. सर्वांत जास्त आढळणारा कॅल्शियम ऑक्सलेटचा खडा मात्र लघवी अल्कधर्मी करून विरघळत नाही.

त्याचं बी कुठे रुजतं, हे अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ अलेक्झांडर रँडलने शोधलं. त्याने शवविच्छेदनातल्या हजाराहून जास्त किडन्या तपासून 1937 मध्ये निष्कर्ष मांडले. किडनीत ज्या टोकांतून लघवी पाझरते, तिथे सुमारे 20 टक्के किडन्यांत पांढरट कॅल्शियमचे डाग होते आणि काहींवर खडा चक्क चिकटलेला होता. हे डाग कॅल्शियम फॉस्फेटचे असून त्यांची सुरुवात किडनीच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या बाहेरच्या आवरणात होते, हे अँड्र्यू इव्हान आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवलं. मधल्या काळात एक चकवाही लागला. 1998 मध्ये फिनलंडहून ‘नॅनोबॅक्टेरिया’ खडे बनवतात असा दावा आला. दहा वर्षांनी ते जीव नसून क्षार आणि प्रथिनांचे निर्जीव कण असल्याचं सिद्ध झालं.

सर्वांत मोठी उलथापालथ दुधाच्या बाबतीत झाली. खड्यात कॅल्शियम, म्हणून दूध बंद, असा सल्ला अनेक दशकं डॉक्टरही देत. 1993 मध्ये गॅरी कर्हन यांनी 45,619 पुरुषांच्या पाहणीत उलटंच दाखवलं: आहारात जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांत खड्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी. 2002 मध्ये इटलीत बोर्गी यांनी 120 पुरुषांना दोन गटांत पाच वर्षं पाहिलं. कॅल्शियम तोडलेल्या 60 पैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीचं कॅल्शियम घेऊन मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या 60 पैकी 12 जणांना. कारण आतड्यात आहे. जेवणातलं कॅल्शियम, पालकासारख्या भाज्यांतून येणाऱ्या ऑक्सलेटला तिथेच बांधतं आणि दोन्ही शौचावाटे जातात. दूध तोडलं की ऑक्सलेट मोकळं राहून रक्तात आणि पुढे लघवीत उतरतं. ताकातली पालकाची भाजी म्हणून कोरड्या पालकापेक्षा शहाणी. कॅल्शियमची गोळी रिकाम्या पोटी घेतली तर हा फायदा मिळत नाही.

टोमॅटोवरचा आळ तर फुकटचा. 100 ग्रॅम टोमॅटोत ऑक्सलेट काही मिलिग्रॅमच असतं, तेवढ्याच पालकात शेकड्यांनी. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातल्या टोमॅटोच्या क्रेट्सपेक्षा मिसळीवरची शेव, पापड आणि लोणचं जास्त संशयास्पद, कारण मिठातलं सोडियम लघवीतलं कॅल्शियम वाढवतं. जड पाण्याविरुद्धचा पुरावाही कच्चा आहे. खडा खरोखर अडवणारा म्हणाल, तर लघवीतलं सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार. ते कमी पडतं त्यांना पोटॅशियम सायट्रेट देतात.

आणि पाणी. बोर्गी यांच्याच 1996 च्या अभ्यासात, दिवसाला दोन लिटरहून जास्त लघवी होईल इतकं पाणी पिणाऱ्यांत पाच वर्षांत 12 टक्क्यांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत 27 टक्क्यांना. माप लघवीचं आहे, प्यायलेल्या पाण्याचं नाही. एप्रिलमध्ये द्राक्षबागेत खरड छाटणी करणाऱ्याचं तीन लिटर पाणी घामातच जातं आणि दुपारची लघवी गडद पिवळी होते. त्याचा हिशेब एसीत बसणाऱ्याला लागू नाही. हुलग्याच्या कढणाचं काहीही असो, त्यासोबत पोटात जाणारं पाणी कामाचंच.

खड्याची जात कळल्याशिवाय उपाय नेमका होत नाही. म्हणून कळ आली की लघवी चहाच्या गाळणीतून गाळावी, पडलेला कण कोरड्या डबीत ठेवून इन्फ्रारेड तपासणीला द्यावा. खडा वारंवार होत असेल तर 24 तासांची लघवी तपासतात. पहिल्या दिवशी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून पुढची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीसह. चूक नेहमी एकच होते: एखादी वेळ बाहेर असताना राहून जाते आणि माणूस ती सांगत नाही. मग कॅल्शियम, ऑक्सलेट सगळंच कमी दिसतं. स्नायूंतून रोज जवळपास ठरावीक प्रमाणात येणारं क्रिएटिनिन लघवीत वजनाच्या मानाने फारच कमी आलं तर लॅबला ही चोरी कळते आणि कॅन पुन्हा भरायला लागतो.